व्हिडिओ कॅसेटवरचा जुना रेडिओ: ध्वनिमुद्रणं सोडवून संगणकावर कशी आणायची

पुण्यात जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहताना माळे रिकामे होतात. तिथे लग्नामुंजीच्या कॅसेटींच्या ढिगात काही वेगळ्याच व्हिडिओ कॅसेटी निघतात. लेबलवर बॉलपेननं ‘आकाशवाणी’ किंवा एखाद्या रागाचं नाव लिहिलेलं असतं, कधी नुसतीच तारीख असते. कॅसेट लावली की टीव्हीवर निळा पडदा येतो, आवाज येत नाही आणि घरचे म्हणतात, कोरी आहे, टाकून द्या. कृपा करून टाकू नका. त्यातल्या बऱ्याच कॅसेटींवर रेडिओवरच्या अख्ख्या मैफली आहेत, आणि त्या दुसरीकडे कुठे असतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

रेडिओ व्हिडिओ कॅसेटवर का घ्यायचे, याला साधं कारण होतं. साध्या सी-९० ऑडिओ कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम असे (तो १९५२ पासूनचा), शिवाय १९५४ पासून संगीत संमेलनाचं प्रसारण होई. बडा ख्याल रंगात यावा आणि नेमकी कॅसेट उलटायची वेळ यावी, याचा रसिकांना वैताग होता. ऐंशीच्या दशकात घरात व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेटवर मुद्रण करणारं आणि ती वाजवणारं यंत्र, आला आणि ई-१८० कॅसेटवर साध्या (एसपी) गतीवर सलग तीन तास, निम्म्या वेगाच्या एलपी गतीवर सहा तास मिळू लागले. शिवाय व्हीसीआरला टायमर होता. रेडिओ ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे पुणे केंद्रावर लावून ठेवायचा, वायर व्हीसीआरच्या ऑडिओ इनमध्ये खोचायची आणि झोपायला जायचं.

या कामात एक प्रश्न सगळ्यात आधी सोडवायचा असतो: आवाज टेपवर नेमका कुठे लिहिला आहे? तो तीन ठिकाणी असू शकतो, आणि चुकीच्या ठिकाणी शोधला तर चांगली टेपही मुकी वाटते. तिथे येण्याआधी टेप आणि यंत्र दोन्ही तपासायला हवेत.

१. कॅसेट यंत्रात घालण्याआधी

आधी लेबलचा, कॅसेटच्या पाठीचा आणि डबीतल्या चिठ्ठीचा फोटो काढा. चिठ्ठ्या हरवतात आणि बॉलपेनची शाई उडते. मग कॅसेटच्या कण्यावरची प्लास्टिकची छोटी पट्टी पाहा. ती शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

आता कॅसेट उजेडात धरून खिडकीतून रिळाची कड पाहा. काळीभोर, गुळगुळीत कड म्हणजे ठीक. पांढरी पावडर, जाळ्यासारखे धागे किंवा चट्टे दिसले तर बुरशी आहे. पुण्याच्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टची ओल बंद कपाटात मुरते, आणि इथल्या टेपांना बुरशीइतका त्रास दुसऱ्या कशाचाच होत नाही. बुरशीची टेप एकदा जरी चालवली, तरी तिचे कण यंत्रातल्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात. त्यामुळे ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि हाताळताना एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला.

अशी टेप हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांबरोबर आठवडा-दोन आठवडे ठेवा. पुड्या ओलावल्या की बदला. उन्हात ठेवू नका. कोरडी झाली की बुरशी भुकटी होऊन सुटते. मग कॅसेटचे पाच स्क्रू काढून झाकण उचला आणि रिळं तशीच बाहेर घ्या. आतल्या स्प्रिंगा आणि छोटे रूळ कुठे होते याचा फोटो आधीच काढलेला बरा. धागे न सुटणाऱ्या मऊ कापडावर अगदी थोडं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि टेप सावकाश एका रिळावरून दुसऱ्यावर गुंडाळत पुसा. कापडाची घडी सारखी बदलत राहा. शेवटी रिळं नव्या, स्वच्छ कवचात बसवा. कोरी स्वस्त कॅसेट फोडून तिचं कवच वापरता येतं.

टेप चिकटत असेल, चालताना किंचाळत असेल किंवा तिच्यावरून तपकिरी थर सुटत असेल, तर ते काम घरी करायचं नाही. अशा टेपा ठराविक तापमानाला भाजून काही काळ चालत्या करतात, पण त्याला नियंत्रित भट्टी लागते. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये हा प्रयोग नको.

२. यंत्र

नवा व्हीसीआर आता मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं आणि तिथे तो धंदा संपला. जुना घ्यायचा तर आधी नातेवाइकांच्या घरी विचारा, मग बुधवार-रविवारचा जुना बाजार पाहा. वायरी, जॅक आणि किरकोळ सुटे भाग बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात.

घेताना दोन गोष्टी पाहा. पुढे ‘हाय-फाय’ लिहिलेलं असावं आणि मागे लाल-पांढरे असे दोन ऑडिओ आउट असावेत. एकच ऑडिओ आउट असलेलं यंत्र या कामात अर्धवट उपयोगाचं आहे, कारण ते एकाच जागेवरचा आवाज वाचतं. आपल्याकडची मुद्रणं पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीची असतात. अमेरिकेतून आलेल्या कॅसेटी तिथल्या एनटीएससी पद्धतीच्या असतात, त्यांना दोन्ही पद्धती वाचणारं मल्टिसिस्टीम यंत्र लागतं. आणि अमेरिकेतून आलेलं यंत्र असेल तर प्लग खोचण्याआधी मागे व्होल्टेज वाचा. ११० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर क्षणात जळतं.

हेडची सफाई नीट शिकून घ्या, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. प्लग काढा आणि वरचं झाकण उघडा. मध्ये चकचकीत, किंचित तिरका बसवलेला, ६२ मिलीमीटर व्यासाचा ड्रम दिसेल. त्याच्या कडेला केसाएवढ्या बारीक चिरांमध्ये फिरती हेड असतात. कोऱ्या बाँड पेपरची दोन बोटं रुंद पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवा, ड्रमला हलकेच टेकवून एका जागी धरा आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून हळूहळू फिरवा. पट्टी वर-खाली अजिबात हलवायची नाही, हेड तुटतं. कागदावर काळी रेघ उमटेल. कागदाची जागा बदलून रेघ उमटायची थांबेपर्यंत हेच करा. कापसाची काडी ड्रमला लावू नका, तिचे धागे हेडमध्ये अडकतात. टेपच्या वाटेत पुढे एक स्थिर हेड असतं, त्याला मात्र कापसाची काडी चालते. रबरी रूळ पाण्यानं ओलावलेल्या कापडानं पुसा. सगळं वाळायला वीस मिनिटं द्या.

मग बिनमहत्त्वाची एखादी कॅसेट अर्धा तास चालवा, बाहेर काढा, झाकण उचलून टेपची कड पाहा. कड दुमडली किंवा सुरकुतली असेल तर यंत्र दुरुस्तीला द्या. मौल्यवान कॅसेट त्यात घालू नका.

३. आवाज कुठे आहे ते ओळखणं

पहिली जागा म्हणजे सरळ ट्रॅक. टेपच्या वरच्या कडेला एक मिलीमीटर रुंदीची पट्टी असते आणि स्थिर हेड तिच्यावर ऑडिओ कॅसेटसारखंच सरळ लिहितं. पाल पद्धतीत टेप सेकंदाला २३.३९ मिलीमीटर सरकते, म्हणजे ऑडिओ कॅसेटच्या साधारण निम्म्या वेगानं. एलपीत तो वेग आणखी निम्मा होतो. म्हणून या ट्रॅकवर वरचे स्वर बोथट होतात आणि खरखर जास्त येते. पण मिडीयम वेव्हवरच्या कार्यक्रमाला याची फारशी झळ बसत नाही. मिडीयम वेव्हवर स्टेशनं नऊ किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात आणि घरगुती रेडिओतून चार-पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही येतच नाही. एसपी गतीचा सरळ ट्रॅक तेवढं सहज सांभाळतो. त्यामुळे ‘सरळ ट्रॅक म्हणजे निकृष्ट’ असं धरून चालू नका.

दुसरी जागा हाय-फाय. ही पद्धत व्हीएचएसवर, म्हणजे आपल्या नेहमीच्या व्हिडिओ कॅसेटवर, १९८४ च्या सुमारास आली. यात आवाज फिरत्या ड्रमवरची वेगळी हेड लिहितात, तीही चित्राच्या आधी आणि चित्राच्या खाली. भिंतीवर आधी प्रायमर आणि वर रंग चढतो, तसा आवाज टेपच्या थरात खोल जातो आणि चित्र वरच्या पृष्ठभागावर बसतं. पाल पद्धतीत डाव्या-उजव्या बाजूंसाठी १.४ आणि १.८ मेगाहर्ट्झचे वाहक सिग्नल वापरतात. या ट्रॅकचा आवाज खरोखर उत्तम असतो. एफएमवरचा कार्यक्रम असा घेतला असेल, तर तो आज ऐकूनही चकित व्हायला होतं.

तिसरी जागा विरळ: पीसीएम. सोनीची पीसीएम-एफ१ आणि तिच्या भावंडांसारखी यंत्रं आवाजाचे आकडे करून ते चित्राच्या रूपात व्हीसीआरला देत. अशी टेप लावली की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे पट्टे वळवळताना दिसतात आणि ऑडिओ आउटमधून काहीही येत नाही. ती वाचायला तसंच उपकरण लागतं. असे पट्टे दिसले तर कॅसेटवर ‘पीसीएम’ असं लिहून ती बाजूला ठेवा आणि असं उपकरण बाळगणाऱ्याकडेच न्या.

तपासायची रीत अशी. कॅसेट लावा आणि यंत्रावर किंवा रिमोटवर ‘ऑडिओ मोड’ शोधा. त्यात हाय-फाय, नॉर्मल आणि मिक्स असे पर्याय असतात. हेडफोन लावून हाय-फाय आणि नॉर्मल दोन्ही स्वतंत्र ऐका. मिक्सवर काहीही उतरवू नका. दोन्हींवर तोच आवाज असेल असं गृहीत धरू नका. काही यंत्रांवर ‘ऑडिओ डब’ची सोय होती, आणि तिनं फक्त सरळ ट्रॅक नव्यानं लिहिला जाई. म्हणजे हाय-फायवर मुंजीतला गलका आणि सरळ ट्रॅकवर रेडिओवरची मैफल, असंही निघू शकतं. मुंजीची कॅसेट म्हणून बाजूला टाकलेल्या टेपेतही म्हणूनच दोन्ही ट्रॅक ऐकावेत.

आणि तो निळा पडदा. ज्यांनी नुसता रेडिओ जोडून मुद्रण केलं, त्यांच्या टेपेवर चित्राचा सिग्नल नसतो. नंतरच्या काळातली यंत्रं चित्र सापडलं नाही की टेप कोरी समजतात आणि निळा पडदा लावून आवाजही बंद करतात. मेन्यूत ‘ब्लू बॅक’ बंद करा. तेवढ्यानं भागलं नाही तर ऐंशीच्या दशकातलं, निळा पडदा नसलेलं जुनं यंत्र वापरून पाहा. अशा यंत्रावर ‘कोऱ्या’ टेपांतून गाणं ऐकू येतं.

४. आवाज ताळ्यावर आणणं

हाय-फायवर खरखर किंवा तुटकपणा असेल तर ऑटो ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या रेघेवर नेमकं बसवण्याची आपोआप चालणारी सोय) सोडून हातानं ट्रॅकिंग फिरवा आणि चित्राकडे न बघता कानानं ठरवा. उत्तम चित्राची जागा आणि स्वच्छ आवाजाची जागा नेहमी एकच नसते. खाली एक घुमणारा ‘घर्र’ आवाज येत असेल तर तो मेनचा हम, म्हणजे विजेच्या जोडणीतून येणारी गुणगुण, असेलच असं नाही. पाल पद्धतीत हेडची अदलाबदल सेकंदाला पन्नास वेळा होते आणि तिचा आवाजही त्याच सुराला लागतो. ट्रॅकिंग फिरवल्यावर तो बदलला तर हेडचा, तसाच राहिला तर वायरिंगचा.

सरळ ट्रॅक पोकळ, गोधडीतून यावा तसा वाटत असेल तर स्थिर हेडचा कोन जुळत नाही. हेडजवळ कोनाचा स्क्रू असतो. आधी त्याची मूळ स्थिती बारीक मार्करनं खूण करून ठेवा, मग टेप चालू असताना पाव फेऱ्याहूनही कमी, तसूतसूनं फिरवा आणि तबल्याच्या चाटेवरचा आघात सगळ्यात टोकदार ऐकू येईल तिथे थांबा. शेजारचे स्क्रू उंची आणि ट्रॅकिंग सांभाळतात, त्यांना हात लावू नका. काम झालं की स्क्रू खुणेवर परत आणा.

५. संगणकावर उतरवणं

व्हीसीआरचा ऑडिओ आउट यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (बाहेरचा आवाज संगणकात घेणाऱ्या डबीच्या) लाइन-इनमध्ये जोडा. लॅपटॉपचं माइकचं भोक यासाठी नाही. व्हीसीआरला केबल टीव्हीची वायर जोडलेली असेल तर काढा आणि लॅपटॉप चार्जरऐवजी बॅटरीवर चालवा. बहुतेक हम एवढ्यानंच जातो. संगणकातली आवाज ‘सुधारणारी’ सगळी सोय आणि आपोआप पातळी ठरवणारी सोय बंद करा. सॉफ्टवेअर म्हणून मोफत मिळणारं ऑडॅसिटी पुरेसं आहे.

त्यात मुद्रणाचं माप असं लावा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची संघटना असलेल्या आयएएसएनंही किमान हेच सांगितलं आहे. एमपी३ मध्ये मूळ प्रत करू नका. आधी टेपेवरचा सगळ्यात मोठा आवाज शोधा, म्हणजे द्रुतमधली तबल्याची झड किंवा टाळ्या, आणि तो उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी लावा. एकदा लावली की मध्ये बदलू नका.

या मापानं स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी लागतो. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा चार जीबी असल्यामुळे चार तासांच्या जरा पुढे ती अडखळते. सहा तासांची एलपी टेप असेल तर दोन भागांत घ्या. सरळ ट्रॅक बहुतेक मोनोच असतो, तो एकाच चॅनेलवर घेतला तर फाइल निम्मी होते.

उतरवायला टेपेएवढाच वेळ लागतो, त्याला आडवाट नाही. सुरुवातीला टेप एकदा शेवटपर्यंत नेऊन पूर्ण मागे आणा, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहिलेले वेढे सैल होतात. चालू असताना पॉझवर ठेवू नका. शक्य तेवढा वेळ हेडफोन लावून बसा आणि कुठे आवाज तुटला ती वेळ वहीत लिहा. तुटलेली जागा महत्त्वाची असेल तर ट्रॅकिंग थोडं बदलून पुन्हा घ्या. हाय-फाय तुटतो तिथे सरळ ट्रॅक अखंड असतो, त्यामुळे दोन्ही उतरवलेले असले की जोड लावता येतो. फारच खराब पण अनमोल टेपेसाठी व्हीएचएस-डिकोड नावाची मुक्त प्रणाली आहे. ती हेडवरचा कच्चा सिग्नलच साठवून चित्र आणि हाय-फाय आवाज संगणकात उलगडते. त्यासाठी यंत्राच्या आत वायर जोडावी लागते, म्हणून ते इलेक्ट्रॉनिक्स येणाऱ्याचंच काम.

६. चित्र टाकू नका

याबद्दल मला आग्रहानं सांगायचं आहे. यंत्र स्थिर चालावं म्हणून काही लोक रेडिओचा आवाज घेताना चित्राच्या जागी दूरदर्शन जोडत. म्हणजे कानावर मारवा आणि पडद्यावर बातम्या. आज आपल्याला मैफल हवी असते, चित्र निरुपयोगी वाटतं, पण तारखेचा पुरावा त्या चित्रातच असतो. बातम्यांच्या मागची चित्रं, क्रिकेट सामन्याचा धावफलक, जाहिरातीतली किंमत. रविवारी सकाळी ‘रामायण’ची मालिका पहिल्यांदा दिसत असेल तर टेप जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळातली. म्हणून स्वस्त यूएसबी कॅप्चर उपकरणानं चित्रही उतरवा. त्याचा दर्जा साधारण असला तरी चालेल.

आवाजातही खुणा असतात. निवेदन आणि आकाशवाणीची ओळखधून कापू नका, मधल्या बातम्याही राहू द्या. बातम्यांत किल्लारीच्या भूकंपाचं मदतकार्य असेल तर ३० सप्टेंबर १९९३ नंतरचे दिवस. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं नाव आलं तर जानेवारी १९९४ नंतरचं. कॅसेटवरच्या तारखेवर एकट्यावर विसंबू नका, एकाच कॅसेटवर पुन्हा पुन्हा मुद्रण केलेलं असतं आणि लेबल जुनंच राहतं.

७. साफसफाई

मूळ फाइलला हात लावायचा नाही, जे करायचं ते प्रतीवर. पाल चित्रामुळे येणारी १५,६२५ हर्ट्झची शिट्टी अरुंद फिल्टरनं काढा. मिडीयम वेव्हवर रात्री शेजारच्या स्टेशनमुळे नऊ किलोहर्ट्झवर शिट्टी येते, तीही तशीच जाते. खरखर कमी करताना सहा डेसिबलच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे सगळ्यात आधी मरते ती तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणता नाद. खरखर आणि जवारीचे बारीक स्वर एकाच भागात राहतात आणि सॉफ्टवेअरला त्यातला भेद कळत नाही.

सरळ ट्रॅकवर आणखी एक गोष्ट ऐकू येईल. गायक थांबला की तंबोरे हळूहळू मोठे होतात आणि त्यानं स्वर लावला की एकदम मागे जातात. मुद्रण करताना व्हीसीआर आपोआप पातळी ठरवत असे, त्याचा हा परिणाम. प्रतीवर तो थोडा सावरता येतो, पण पूर्ण घालवायच्या नादात गाण्याचा दम जातो. मी तो बहुतेक वेळा तसाच ठेवतो.

८. नाव, जतन, हक्क

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवसानं सुरू करा, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. पुढे केंद्र, कलाकार, राग. सोबतच्या नोंदीत साथीदार, निवेदक, एसपी की एलपी, कुठला ट्रॅक, कुठलं यंत्र आणि तारीख कशावरून ठरवली ते लिहा. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ लिहा. तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरी. मूळ कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून डबीत उभी, कोरड्या कपाटात ठेवा.

स्वतःच्या ऐकण्यासाठी केलेल्या मुद्रणाला कायद्यात मुभा आहे, इंटरनेटवर टाकणं मात्र वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रसारकाचा हक्क २५ वर्षं आणि कलाकाराचा ५० वर्षं टिकतो. ऐंशीच्या दशकातल्या मैफलीवर प्रसारकाचा हक्क संपला असला, तरी कलाकाराचा शिल्लक असू शकतो. म्हणून आधी कलाकाराच्या कुटुंबाशी बोला. बरेचदा त्यांच्याकडे स्वतःच्या माणसाचं तेवढंही मुद्रण नसतं. आकाशवाणीला द्यायचं असेल तर थेट फाइल पाठवू नका. आधी तारीख, वेळ, केंद्र, कलाकार आणि कालावधी यांची यादी पत्रानं पाठवा आणि त्यांना काय हवं ते विचारा. मूळ कॅसेट मागितली तर प्रत आपल्याकडे नीट वाजते हे शेवटपर्यंत ऐकून खात्री केल्यावरच, पोचपावती घेऊन द्या.